राग मोजायला मैदानच उरलंय

अंबाजोगाईला एम.ए. करणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. तो लिहितो : "निवडणुकीच्या काळात आम्ही मित्र धारूर, वडवणी भागातल्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर फिरलो. सोयाबीनचे भाव, कंत्राटी नोकऱ्या, महागाई यांचे आकडे लोकांना सांगितले. लोक मान डोलवायचे आणि संध्याकाळी ज्याच्या भाषणात नुसती गर्जना असते त्याच्याच सभेला जायचे. अमेरिकेतल्या कामगारांनी ट्रम्प यांना मतं दिली तेव्हाही असंच लिहिलं गेलं होतं. कष्टकरी माणूस स्वतःच्याच पोटाविरुद्ध मत का देतो?"

मी अठ्ठावीस वर्षं ऊसतोड मजुरांत आणि मधली काही वर्षं औरंगाबादजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगारांत काम केलं आहे. तुमच्यासारखंच आकड्यांचं पत्रक घेऊन मीही वस्त्यांवर फिरलो आहे. प्रश्नातला "पोटाविरुद्ध" हा शब्द मला मान्य नाही. का, ते आधी एका प्रसंगातून सांगतो.

मार्च महिना होता. आमच्या भागातल्या एकोणीस कोयत्यांची टोळी सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या हद्दीत अडकली होती. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे तुम्हाला माहीत असेलच. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, गाडीमालकाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पसार झालेला. गाडीमालकाने मजुरांना सांगितलं, मुकादम सापडेपर्यंत कोपी, म्हणजे फडाजवळची झोपडी, सोडायची नाही. त्यांत दोन बाळंतिणी होत्या. मी इकडच्या कार्यालयात गेलो, तर प्रकरण दुसऱ्या राज्यातलं आहे म्हणून सांगितलं. पोलीस म्हणाले, पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जा. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ सालापासून कायदा होता, त्याची प्रत माझ्या पिशवीत होती. ती प्रत घेऊन मी दोन दिवस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलो. तिसऱ्या रात्री टोळीतल्या एकाने गावाकडच्या एका कार्यकर्त्याला फोन लावला, कार्यकर्त्याने नेत्याला उठवलं, नेत्याने तिकडच्या कारखानदाराला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक गावाच्या रस्त्याला लागला.

तो नेता म्हणजे तुम्ही ज्यांच्या भाषणांना नुसती गर्जना म्हणता, त्यांच्यापैकीच एक. पुढच्या निवडणुकीत ती वस्ती त्याच्यामागे गेली. मला त्याचा राग होता, तो बरीच वर्षं टिकला. टोळीतल्या एका बाईने मला सरळ सांगितलं, "दादा, तुम्ही आमच्यासाठी लई फिरले. पण गाडी त्याच्या फोनवर सुटली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने तिच्या पोटाचाच विचार केला होता, आणि तोही माझ्यापेक्षा बारकाईने.

उचलीचा व्यवहार कसा चालतो ते समजून घेतल्याशिवाय हे कळणार नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, मुलीचं लग्न असतं, दवाखाना असतो. तेव्हा मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळीनंतर ती फेडायला जोडपं घाटाखाली, ऊसपट्ट्यात निघतं. एक दिवस आजारी पडलं की खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच आणि वर दंड कापला जातो. आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब होतो आणि बऱ्याच जणांच्या अंगावर काही रक्कम उरते, तिच्यावर पुढचा हंगाम बांधला जातो. मालक कोण हे या साखळीत कुठेच दिसत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादम तर गावचाच, बहुतेक वेळा जातीतला, कधी भावकीतला. त्याच्यावर चिडायचं कसं? पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं.

तोडणीचा दरही मजूर आणि कारखाना समोरासमोर बसून ठरवत नाहीत. तो लवादावर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वतीने तडजोड करणाऱ्या मंडळावर, ठरतो आणि लवादावर राज्यातले मोठे नेते असतात. आधी गोपीनाथराव मुंडे होते, २०१४ साली ते गेल्यावर पंकजाताई मुंडे आल्या, कारखान्यांच्या बाजूने शरद पवार. जानेवारी २०२४ मध्ये दर ३४ टक्क्यांनी वाढला तो याच वाटेने, आधी कोयता बंदचा, म्हणजे संपाचा इशारा आणि मग बैठक. ऊसतोड मजुराच्या नजरेने पाहा : ज्या माणसाच्या एका शब्दाने माझी मजुरी वाढते, त्याच्यामागे पाच वर्षांतून एकदा माझं मत उभं करायचं, यात खुळेपणा कुठे आहे? ज्याला बाहेरचे लोक भावनिक मतदान म्हणतात, त्यातलं बरंचसं मला संघटनेच्या वर्गणीसारखं वाटतं. संघटना नाही, म्हणून वर्गणी मतपेटीत पडते.

संघटना का नाही, हा मूळ प्रश्न. बीड जिल्हा नेहमी असाच नव्हता. १९६७ साली याच जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. ते सांगली-साताऱ्याकडचे, इथे ना त्यांचं गाव ना भावकी. १९७७ साली गंगाधर अप्पा बुरांडे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून आले. त्यांना मतं देणारे आजोबा आणि आज गर्जना ऐकायला जाणारा नातू एकाच घरातले आहेत. जात तेव्हाही होती, भावनाही होत्या. जुन्या लोकांशी बोलून आणि स्वतः काम करून माझं मत झालं आहे की बदललं ते कामाचं ठिकाण.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नाला बंडिंगला, पाझर तलावावर माणसं एकत्र आली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. एका कामावरची सगळी एका मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. मजुरी कमी पडली की शेजारच्या खड्ड्यातल्या माणसालाही तेवढीच कमी पडलेली दिसायची. मोजमाप चुकलं तर चारशे माणसं एकदम टिकाव खाली ठेवायची आणि तहसीलवर मोर्चा न्यायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्याच्यामागे या मस्टरवरच्या माणसांचा रेटा होता. माझे वडील त्या कामावर होते. तिथे खायला मिळणाऱ्या सुकडीचा वास त्यांना शेवटपर्यंत सहन झाला नाही, पण मोर्च्यांच्या गोष्टी मात्र ते रंगून सांगायचे. कितीजण होते हा आकडा त्यांना पाठ असायचा.

आज त्याच गावातली माणसं कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे जिल्ह्यांतल्या पन्नास ठिकाणी विखुरलेली आहेत. दोन टोळ्या एकाच कारखान्यावर असल्या तरी फड, म्हणजे तोडणीची शेतं, वेगळे, मुकादम वेगळे, उचल वेगळी. कोणाला किती मिळते हे एकमेकांना सांगत नाहीत, कारण सांगितलं तर मुकादम पुढच्या वेळी नेत नाही. सहा महिने ही माणसं शेकड्यांनी एका ठिकाणी जमत नाहीत. आपण किती आहोत हे त्यांना एकाच जागी कळतं, सभेच्या मैदानावर किंवा नेत्याच्या जयंती-पुण्यतिथीच्या मेळाव्यात. तुम्ही भाषण ऐकता. ती माणसं गर्दी बघतात. दूरवर टोप्या, फेटे, ट्रॅक्टर दिसतात आणि वर्षभर मुकादमासमोर मान खाली घातलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं, आपण एवढे आहोत.

वाळूजलाही हेच, फक्त वेगळ्या कपड्यांत. १९८५ च्या आसपास तिथे मोठे कारखाने उभे राहिले. पैठण, गंगापूर, वैजापूरची पोरं सायकलवर कामाला आली, परमनंट झाली, त्यांनी बजाजनगरला घरं बांधली. १९८५ सालीच शिवसेना औरंगाबादेत आली आणि १९८८ च्या महापालिका निवडणुकीत तिने शहर हलवलं. त्या वेळी पोरांच्या मनात भीती कमी आणि उमेद जास्त होती. आता त्यांची मुलं त्याच गेटवर उभी आहेत, पण ठेकेदाराच्या पासवर. एकाच लाइनवर काका परमनंट, पुतण्या कंत्राटी. काम तेच, पगारात कित्येक पटींचा फरक. अकरा महिने झाले की ब्रेक आणि मग नवा ठेकेदार. पुतण्याने युनियनकडे जायचं तर युनियन परमनंट लोकांची. मी स्वतः अशा एका युनियनच्या बैठकीत कंत्राटी मुलांचा विषय काढला तेव्हा समोरून उत्तर आलं, "आधी आमचा करार होऊ द्या." ती मुलं त्या दिवशी गप्प बसून निघून गेली. पुढच्या महिन्यात त्यांतली चार-पाच जणं ज्या मिरवणुकीत पुढे नाचताना दिसली, तिचा कामगार प्रश्नाशी काही संबंध नव्हता. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. आमच्या बैठकीत त्यांना खुर्ची नव्हती आणि मिरवणुकीत पहिली रांग मिळाली होती.

अमेरिकेचं विचारलंत म्हणून थोडक्यात. १९५० च्या दशकात तिथले जवळजवळ एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते, आज दहातला एक आहे. २०१६ साली ट्रम्प यांच्याकडे वळलेली मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन ही राज्यं जुन्या कारखान्यांची आणि युनियनांची. ब्रिटनमध्ये संडरलँड शहरात निस्सानचा मोठा मोटार कारखाना युरोपच्या बाजारावर चालतो, तरी तिथल्या ६१ टक्के मतदारांनी त्याच वर्षी युरोपीय संघ सोडायच्या बाजूने मत दिलं. आपला फरक एवढा की त्यांच्याकडून काहीतरी गेलं, आणि आपल्याकडे यायचं ते कधी आलंच नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे मागास भागांच्या विकासातली तूट, मोजला, १९९४ साली मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आलं, २०२० मध्ये त्याची मुदत संपली. अनुशेष हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही येतो. गमावलेल्याचं दुःख आणि कधीच न मिळाल्याची चीड या वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हीकडे राग कामाच्या ठिकाणी मांडायची जागा गेली, आणि मग तो मैदानात आला.

मैदानात आलेल्या रागाला पत्ता कोण देतो, यावर पुढचं सगळं ठरतं. इथे मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात मी एका गावात टँकरपाशी उभा होतो. भांडण दोन बायकांत लागलं, घागरी पुढे-मागे ठेवण्यावरून, आणि पाहता पाहता ते दोन आळ्यांचं झालं. जवळच एकाच्या बोअरमधून पाणी उपसून विकलं जात होतं. त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. तो रांगेत नव्हता ना. माणूस शेजाऱ्याशी भांडतो, कारण शेजारीच त्याला दिसतो.

आपल्या इतिहासात हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. १९७४ साली मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी विकासासाठी आंदोलन केलं, नोकऱ्या मागितल्या, रेल्वे मागितली. मागणी सरकारकडे होती. चार वर्षांनी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. जातीचा अहंकार हे त्याचं कारण आहेच, ते झाकायचं कारण नाही. पण त्यात तो बेकार पदवीधरही होता, ज्याला १९७४ च्या मागण्यांचं काही हाती लागलं नव्हतं आणि ज्याला कोणीतरी सांगितलं की तुझी नोकरी त्या वस्तीतल्या पोराने नेली.

आता हेच वाक्य नव्या नावांनी ऐकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मनोज जरांगे पाटलांचं उपोषण अंतरवाली सराटीत सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि मराठा समाज उभा राहिला. पुढच्या जूनमध्ये त्याच अंबड तालुक्यात, जवळच्याच वडीगोद्रीला, ओबीसी आरक्षण वाचवा म्हणून लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. मी दोन्हीकडे जाऊन बसलो होतो. दोन्हीकडे मागे बसलेल्या पोरांच्या खिशात त्याच भरतीचे फॉर्म होते. तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज, पोलिसांच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर. बाप दोघांचेही दोन-तीन एकरवाले, सोयाबीनवाले. या मागण्या खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. निजामाच्या राज्यात असल्यामुळे कुणबी नोंदी हाताला लागल्या नाहीत ही मराठ्यांची तक्रार खरी आहे, आणि कष्टाने मिळालेलं हातचं जाईल ही ओबीसींची धास्तीही खरी आहे. पण सतरा हजार जागा सतरा लाखांना का पुरत नाहीत, हा प्रश्न दोन्ही मंडपांत कोणी विचारत नव्हतं. २०२४ च्या लोकसभेनंतर तर आमच्या जिल्ह्यात चहा कोणाच्या हॉटेलात प्यायचा हेही जातीवर ठरायला लागलं. ज्या हॉटेलात मी वीस वर्षं दोन्हीकडच्या मजुरांच्या बैठका घेतल्या, तिथे आता एकाच बाजूची माणसं येतात. याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही लोकांना एकदा वळवलं की वळलेच असं समजू नका. मराठवाड्याने २०२४ च्या लोकसभेला आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि सहाच महिन्यांनी विधानसभेला ४६ पैकी बहुतेक जागा महायुतीला. माणसं तीच, गावं तीच. मधल्या काळात सोयाबीन काही वधारलं नव्हतं. मग काय झालं?

एका घरात मी तेव्हा हा हिशेब मांडून पाहिला. दोन एकरांत दहा क्विंटल सोयाबीन झालेलं. हमीभाव ४,८९२, त्यांना मिळाले ४,१५०. क्विंटलमागे ७४२ रुपये गेले, दहा क्विंटलचे ७,४२०. आणि जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे १,५०० प्रमाणे पाच हप्ते घरच्या बाईच्या खात्यावर आलेले, ७,५००. मी म्हणालो, बघा, एका हाताने नेलं आणि दुसऱ्या हाताने दिलं, वर ऐंशी रुपये. मला वाटलं, आता पटेल. ती बाई चुलीपुढे बसून ऐकत होती. म्हणाली, "गेले ते यांचे गेले. मला कवा माहीत होतं सोयाबीनला काय आलं ते? हे पैसे माझ्या नावावर आले."

मी आयुष्यभर ऊसतोडीचा हिशेब पाहत आलो. कोयता दोघांचा, पहाटे चारला उठून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते ती बाई, आणि उचलीचा अंगठा नवऱ्याचा. तिच्या मजुरीला तिचं नावच नाही. तेरा-चौदा हंगाम तोड करून तिच्या नावावर पहिल्यांदा जमा झालेला पैसा हा होता. त्याला रेवडी म्हणणाऱ्या शहरी माणसांनी आणि लाच म्हणणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे कधी नीट पाहिलं नाही. आम्ही अठ्ठावीस वर्षांत बाईची मजुरी वेगळी लिहून घ्या ही मागणी शेवटच्या पानावर ठेवली होती. पहिल्या पानावर ठेवायला हवी होती. तरी ती बाई आंधळी नाही. निवडणुकीत हप्ता एकवीसशे करण्याचा शब्द दिला गेला, त्याचा हिशेब तिने मनात ठेवला आहे.

या नेत्यांचा बचाव मला करायचा नाही. फोन उचलणाऱ्या नेत्याबद्दल मला मजुराइतकीच कृतज्ञता वाटते, पण गोष्ट तिथे संपत नाही. एकोणीस कोयते सुटले, त्याच आठवड्यात दुसरीकडे कुठेतरी अडकलेले सुटले नसतील, कारण त्यांच्याकडे नंबर नव्हता. खाड्यावर बंदी आली, उचलीची पावती सक्तीची झाली, कारखान्याला मालक म्हणून उभं केलं, तर रात्री अकराला फोन लावायची वेळच येणार नाही. ज्याचं मोठेपण त्या फोनवर उभं आहे, तो हा नियम स्वतःहून करील असं मी पाहिलेलं नाही. काही नेते स्वतःच कारखानदारही आहेत. आणि आपलं काही चालत नाही असं दिसलं की भाषणात शेजाऱ्याचं नाव घ्यायचं, ही सगळ्यांत सोपी वाट त्यांच्यापुढे नेहमी उघडी असते.

तुमचं काय चुकलं, तेही सांगतो. तुम्ही आकडे घेऊन गेलात. लोकांना त्यांची गरिबी माहीत असते, ती टक्क्यांत ऐकून त्यांना वाटतं की आपल्याला शिकवायला आले. गर्जना करणारा नेता पहिलं वाक्य काय बोलतो ते ऐका : "तुमच्यावर अन्याय झालाय." तुम्ही काय म्हणता? "तुम्ही चुकीचं मत देताय." माणूस कोणाकडे वळेल?

गेली सहा वर्षं आम्ही एका वस्तीवर वह्या ठेवतोय. साध्या शंभर पानी वह्या. उचल कधी आणि किती घेतली, वजनाची चिठ्ठी, खाडा, खर्ची, बाईने किती दिवस काम केलं, सगळं तारखेने. शाळेत जाणारी पोरगी लिहिते. चाळीस कोयत्यांत तिसऱ्या वर्षी अकरा वह्या पूर्ण भरल्या, आता एकवीस भरतात. हंगाम संपला की देवळापुढे बसून सगळ्या वह्या मोठ्याने वाचतो. पहिल्या वर्षी भांडणं झाली, कारण तीन मुकादमांनी एकाच कामाला तीन दर लावले होते हे भर चौकात कळलं. मागच्या निवडणुकीत उमेदवार वस्तीवर आला तेव्हा एका बाईने त्याला वही दाखवून विचारलं, माझे बावीस खाडे झाले, त्याचे पैसे कोणाच्या खिशात गेले? तो म्हणाला, बघतो. ती म्हणाली, इथे लिहा, बघतो म्हणून, आणि सही करा. त्याने सही केली. ती वही मी पाहिली आहे.

तुम्हाला खरंच काम करायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या, उचल वाटायच्या आधी. दसऱ्यानंतर आलात तर वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. पत्रकं आणू नका. कोऱ्या वह्या आणा, पन्नास तरी लागतील, आणि रेघा मारायला पट्टी.